शेषराव काकांच्या गाडीची काच

शेषराव काका कुठल्याही दारातून आत येताना वाकायचे. बँकेचं दोन झडपांचं दार असो, मंगल कार्यालयाची कमान असो, की माझ्या वरच्या खोलीचं पावसानं फुगलेलं दार असो. काका आधी मान खाली घालणार, मग पाय आत टाकणार. अमरावतीला बदली होऊन मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आले, तेव्हा मला वाटलं होतं, काय विनम्र माणूस आहे! पुढं कळलं की विनम्रतेशी याचा काडीचा संबंध नाही. तरुणपणी जिल्ह्यातल्या यच्चयावत चौकटींनी त्यांच्या कपाळाला टेंगळं आणली होती, आणि ते मानेच्या लक्षात राहिलं होतं.

काका उंच होते. नुसते उंच नाही, तर उंचीचा अभिमान असलेले उंच. काहींना आपल्या आवाजाचा अभिमान असतो, काहींना गोऱ्या रंगाचा, तसा. नोकरी सगळी कृषी खात्यात झालेली. "साऱ्या खात्यात माह्याएवढा एकबी नव्हता," हे वाक्य मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि नंतर दर आठवड्याला. बैठकीच्या भिंतीवर खात्यातल्या मंडळींचे फोटो होते. प्रत्येकात काका मागच्या रांगेत मधोमध, आणि मान इतकी ताणलेली की हनुवटी शेजारच्याच्या टोपीवर. फोटोग्राफर म्हणे दर वेळी विनवायचा, साहेब, जरा वाका. साहेब वाकायचे नाहीत. दारापुढं वाकतील, कॅमेऱ्यापुढं नाही.

ही उंची खात्याच्या कामालाही यायची. पिकाची वाढ सांगताना काका टेप काढत नसत. सरळ पिकात जाऊन उभे राहायचे आणि तिथूनच ओरडायचे, "यंदा तूर छातीले लागली बरं का!" पातूर आणि मूर्तिजापूरकडच्या गावांमध्ये त्यांची बरीच वर्षं गेली. तिथले शेतकरीही मग त्याच मापात बोलायला लागले. ज्वारी साहेबाच्या खांद्याएवढी झाली, कपाशी साहेबाच्या कमरेवर गेली. त्यांच्या जागी जे साहेब आले ते बेताच्या उंचीचे होते, त्यामुळं पुढचा एक हंगाम गावात पिकांचा फार गोंधळ झाला असं काका सांगायचे. यातलं खरं किती आणि काकांचं किती, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांचं कुठलंही उत्तर "तसं नाही ना बावा" या शब्दांनी सुरू व्हायचं, मग विरोध करायचा असो वा नसो. मी म्हणावं, "काका, आज फार गरम होतंय." काका म्हणणार, "तसं नाही ना बावा, लयच गरम होऊन रायलं." कुणाच्या घरी गेले की माणसांच्या आधी कुंड्यांकडे वळायचे. माती चिमटीत घ्यायची, चोळायची, नाकाशी न्यायची. माझ्या तुळशीची माती अशीच चोळून त्यांनी निकाल दिला होता, "पानी कमी कर माय. तुळस हाय ते, म्हैस नाही." मी मूळची अकोल्याची. त्यामुळं त्या घरात माझं नाव 'अकोलेवाली' पडलं ते पडलंच. माझ्या स्कूटीला ते शिवणयंत्र म्हणायचे. मी संध्याकाळी फाटकातून आत शिरले की काकूंना ओरडून सांगायचे, "आली पाय अकोलेवाली, मशीन वाजून रायली."

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे नोकरीच्या काळातली बुलेट. तिच्यापुढं भली थोरली काच लावलेली. काच आपली म्हणायची. होतं ते जाड, पारदर्शक प्लास्टिकच. खेड्यापाड्यांतला हिवाळी वारा छातीवर घेऊन घेऊन काकांचा खोकला मुरला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बसवलेली. ती अशा मापानं बसवली होती की वारा तिच्या कडेवरून उडून डोक्यावरून निघून जायचा, आणि काका मात्र त्या कडेच्या वरून मोकळं बघायचे. या काचेची खुबीच ती. काचेतून बघायचं नसतं, काचेवरून बघायचं असतं.

काकूंचं माहेर माझ्याच गावचं, अकोल्याचं. तिथं त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. महिन्यातून एकदा दोघं बुलेटवरून तिच्याकडे जायचे, मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत परत निघायचे. सत्तरी ओलांडलेलं हे जोडपं गाडीवर बसलं की गल्ली दारात यायची. एसटी होती, रेल्वे होती, पुण्यातली मुलगी तर फोनवर रागावून रागावून थकली होती. काकांचं ठरलेलं, "तसं नाही ना बावा, इंदूले गाडीवर मजा येते." काकू आतून ओरडायच्या, "मले काही मजा नाही येत, कंबर दुखते माही." आणि निघायच्या दिवशी पदर खोचून, पिशवी घेऊन, गाडीपाशी सगळ्यांत आधी त्याच उभ्या असायच्या.

एका हिवाळ्यात काकांनी मला आपल्या जुन्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे हुरड्याला नेलं. काकू बांधावर सतरंजी अंथरत होत्या. काका सवयीप्रमाणे आधी तुरीत शिरले. जरा वेळानं तिकडून त्यांचा आवाज आला, "अबे, डोक्यावरून गेली! जन्मात अशी तूर नाही पायली मी!" आवाजात लहान मुलासारखा आनंद होता. शेताचे मालक माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "तूर दरसालएवढीच हाय ताई." आणि मग तोंडाशी हात धरून मोठ्यानं, "हो साहेब, औंदा बम झाली!"

मी काकूंकडे पाहिलं. त्या खाली बघून सतरंजीची सुरकुती काढत होत्या. त्या दिवशी मला कळलं की काका थोडे थोडे आखूड होत चालले आहेत आणि भोवतालच्या सगळ्यांनी मिळून ही बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली आहे.

गाडीच्या काचेला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ती होती तिथंच उभी होती. ज्या कडेवरून काका बघायचे ती कड हळूहळू त्यांच्या डोळ्यांसमोर आली, मग डोळ्यांच्याही वर गेली. आता ते काचेतून बघत होते, आणि काच तर जुनी, पुसून पुसून ओरखडलेली. सावलीत निभायचं. ऊन समोरून आलं की सगळे ओरखडे चमकायचे आणि पुढचं काहीच दिसायचं नाही.

अकोल्याहून सकाळी अमरावतीकडे यायचं म्हणजे सूर्य समोर. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, सोयाबीन निघालेलं. आमच्याकडे या दिवसांत जिथं म्हणून सपाट डांबर दिसेल तिथं सोयाबीन वाळत घातलेलं असतं. काकांनी चहासाठी म्हणून गाडी बाजूच्या रस्त्याला घेतली आणि सरळ त्या वाळवणात घातली. सोयाबीनचे दाणे चाकाखाली आल्यावर गाडी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बुलेट फिरली, आडवी झाली, आणि दोघं जण कडेला ओढून ठेवलेल्या ढिगावर जाऊन पडले. ढीग होता म्हणून खरचटण्यावर निभावलं. राखणीला बसलेली बाई धावत आली, दोघांना उठवून बसवलं, पाणी दिलं, आणि जीव थाऱ्यावर आल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काहून बाप्पा, एवढं सोयाबीन दिसलं नाही तुमाले?"

काकांना पडल्याचं लागलं नाही, ते हे लागलं. ज्यानं जन्मभर लोकांना पीक दाखवलं, त्याला रस्ताभर पसरलेलं पीक दिसलं नव्हतं.

घरी आल्यावर काकूंनी कोपराला हळद लावली, दोघांचा चहा केला, आणि कपबशी त्यांच्या हातात देताना सांगितलं, "आजपासून मी तुमच्या मागं बसत नाही."

"तसं नाही ना बावा..."

"तसंच हाय."

मला वाटलं होतं चार दिवसांत राग उतरेल. पण तो राग नव्हताच. काकूंना भीती वाटली होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती, काकांसाठी होती. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "मी बसली नाही तर हे जपून चालवतीन." पण काका एकटेही पूर्वीसारखे बाहेर पडेनात. बुलेट पुसायचे, चालू करायचे, जरा वेळ तशीच धडधडू द्यायचे आणि बंद करायचे. बाजारात निघाले तरी पाय टाकण्याआधी एकदा मागं वळून दाराकडे पाहायचे. दारात काकू नसायच्या. मला त्या दोघांचं इतकं वाईट वाटायचं की मी स्कूटी गल्लीच्या तोंडाशीच बंद करून ढकलत आणायचे.

पुढच्या महिन्यात काकू अकोल्याला एसटीनं गेल्या. परत आल्यावर सांगत होत्या, "खिडकीतून पायलं तं हे आपले मागं मागं. गाडी थांबली का थांबे, निघाली का निघे. कंडक्टर म्हणे, आजी, तो बुढा कोण हाय, आपला पिच्छा करून रायला." सांगताना त्या हसत होत्या, आणि मधेच उठून आत गेल्या.

मी काही उपाय सुचवले. काच काढून टाकू म्हटलं, तर वारा छातीत भरून खोकला येणार. नवी बुटकी काच बघू म्हटलं, तर या जुन्या गाडीच्या पट्ट्यांवर बसेल अशी मिळेना. मुलीनं गाडी विकायला सांगितलं. ते ऐकून काका जेवणावरून उठले. शेवटी मी म्हटलं, "काका, आहे तीच काच वरून कापू ना. घरीच होईल." काका माझ्याकडे बघतच राहिले. मी जणू त्यांचेच पाय कापायला सांगितले होते. "काच हाय तेवढीच हाय. मीबी हाय तेवढाच हाय," एवढं बोलून बागेत गेले.

पण एका रविवारी सकाळी ते माझ्या दाराशी आले, वाकले, आत आले आणि घसा खाकरून म्हणाले, "तसं नाही ना बावा, मी इचार केला. ते प्लास्टिक हाय. उन्हानं वाढते ते." कृषी पदवी घेतलेला माणूस गंभीर चेहऱ्यानं हे सांगत होता. मीही तितक्याच गंभीरपणे मान हलवली. अकोला-अमरावतीच्या उन्हात काय काय वाढेल ते कुणी सांगावं!

पोर्चमध्ये बुलेट डबल स्टँडवर लावली. काकांनी बसायचं, समोरच्या फाटकाकडे बघायचं, आणि त्यांची नजर काचेतून जिथून जाते त्याच्या जरा खाली मी मार्करनं खूण करायची, असं ठरलं. काका बसले. पाठ भिंतीसारखी सरळ, छाती पुढं, हनुवटी वर. बैठकीतल्या फोटोंतला माणूस. काकू दारात मेथी निवडत होत्या. "मापाले बसले का फोटोले?" त्यांनी विचारलं.

"मी असाच बसतो."

काकूंनी मेथीची काडी मोडली. मी खूण केली.

काच खोलून जुन्या गोधडीवर आडवी केली. दोन्ही बाजूंनी कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे ब्लेड घसरत नाही आणि तडा जात नाही. बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड, आणि काकांचा हात. मी आणि काकू दोन बाजूंनी काच दाबून धरायला. "घाई नोको, घाई नोको," काका स्वतःलाच सांगत होते. घाई केली की हे प्लास्टिक तापून वितळतं आणि ब्लेड आतच धरून ठेवतं. करकर आवाजानं दात शिवशिवत होते. अख्खी पट्टी सुटून खाली पडली तेव्हा काकांनी ती उचलून उन्हात धरून पाहिली. दोन बोटं रुंद असेल. मग कड कानशीनं घासली, ओल्या सँडपेपरनं घासली, आणि शेवटी काकूंची टूथपेस्ट लावून फडक्यानं चमकवली. काम मोठं देखणं झालं होतं.

काम देखणं होतं, पण चुकलं होतं. चालवताना काका फोटोतल्यासारखे बसायचेच नाहीत. फाटकाबाहेर पडले की खांदे खाली यायचे, पाठ गोल व्हायची, आणि ती नवी चकचकीत कड बरोब्बर बुबुळांसमोर यायची. आधी निदान सगळा रस्ता एकसारखा अंधूक होता. आता रस्ते दोन झाले, एक कडेच्या वर आणि एक खाली. गाय समोर आली तर शिंगं वरच्या रस्त्यावर आणि पाय खालच्या. हे मला काकांनी फार नंतर सांगितलं. तेव्हा मात्र विचारलं की म्हणायचे, "एकदम बरोबर झालं." कडेवरून दिसावं म्हणून मान ताणून गाडी चालवायचे आणि संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी मानेखाली घेऊन पडायचे. "उशी बदलली वाटते कोणी," म्हणायचे. काकू पिशवीतलं पाणी बदलून आणायच्या, पण गाडीवर बसायच्या नाहीत.

माघातल्या एका संध्याकाळी आम्ही गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला निघालो. काकू माझ्या स्कूटीवर मागं, आणि काका शेजारून बुलेटवर, मागची सीट रिकामी. मला त्या प्रवासात इतकं अवघडल्यासारखं झालं की विचारू नका. कुणाची बायको पळवून नेत असल्यासारखं. काकाही मान ताणून सरळ समोर बघत होते, आमच्याकडे नाही.

वाटेत रस्त्याचं काम चाललं होतं. एका बाजूची वाहनं सोडायचे, दुसऱ्या बाजूची थांबवायचे. आम्ही एका ट्रकच्या मागं उभे राहिलो. वेळ लागणार असं दिसलं तशी काकांनी गाडी बंद केली. धूळ, ऊन, थकवा. बघता बघता त्यांचे खांदे खाली आले. पाठ वाकली. दोन्ही हात हँडलवर तसेच, आणि नजर समोरच्या ट्रकच्या चाकांवर. आम्ही शेजारी आहोत हेही ते विसरले होते.

काकू स्कूटीवरून उतरल्या. बुलेटला वळसा घालून पुढं गेल्या आणि काचेसमोर उभ्या राहून त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. किती तरी वेळ. मग स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली आणि बाहेरून काचेवर चिकटवली, काकांच्या दोन डोळ्यांच्या बरोबर समोर. आरशावर चिकटवतात तशी, सहज.

काका दचकले आणि झटकन ताठ झाले.

"आता ताठ होऊन फायदा नाही," काकू म्हणाल्या. "मी पाहून घेतलं."

शेजारच्या जीपमधली माणसं बघत होती. काकांनी टिकलीकडे पाहिलं. ताठ बसल्यावर ती त्यांच्या नाकाखाली आली होती. हळूहळू त्यांनी श्वास सोडला, खांदे सोडले, आणि टिकली पुन्हा वर चढत त्यांच्या डोळ्यांसमोर आली. तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

"इंदू," ते म्हणाले, "एवढा लहान झालो काय मी?"

"लहान काहून होसान? म्हातारे झाले. मीबी झाली."

"तुले ठाऊक होतं?"

"पायजमे कोण आखूड करते तुमचे? आपोआप होते काय?"

काका वाकून आपल्या पायजम्याच्या काठाकडे बघायला लागले. "तसं नाही ना बावा" म्हणायचंही राहून गेलं. समोरून हिरवा झेंडा हलला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, काकू परत माझ्या मागं येऊन बसल्या आणि त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की रात्रीपर्यंत दुखत होता. प्रार्थनेत त्या डोळे मिटून रडत होत्या, आणि काका पुरुषांच्या बाजूला भिंतीला टेकून, पाठ सैल सोडून बसले होते.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा काच खोलली. या वेळी चिकटपट्टी काकांनी स्वतः लावली. नजर टिकलीवरून जात होती, तेव्हा कड तिच्या दोन बोटं खाली हवी, म्हणजे नाकाच्या शेंड्याशी. तिथून वारा डोक्यावरून जातो आणि डोळे मोकळे राहतात. मी त्याप्रमाणे रेघ मारली. काकांनी ती पाहिली, पुसली आणि म्हणाले, "आनखी एक बोट खाली घे."

"कशाला काका? वारा लागेल ना."

"मफलर घालीन. पुढच्या साली कामी पडते."

वाढत्या अंगाचे कपडे शिवताना आई जसा शिवणीत कपडा ठेवते, तसं काका आपल्या कमी होण्यासाठी जागा ठेवत होते. मला हसू आलं आणि मी वाकून नवी रेघ मारली. काकू मात्र काच घट्ट धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "कापा आता. घाई नोको."

संध्याकाळी काच बसली. काकांनी एक फेरी गल्लीतून मारली, एक मोठ्या रस्त्यापर्यंत, आणि फाटकाशी गाडी आणून उभी केली. बंद केली नाही. दाराकडे बघितलंही नाही. समोर बघत राहिले, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे. आतून कपाटाचं दार वाजलं, कुलपाचा आवाज झाला, आणि काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या खांद्याला धरून मागं बसल्या आणि म्हणाल्या, "चौकातून कोथिंबीर आणाची हाय." घरात कोथिंबिरीची मोठी जुडी होती, सकाळीच मी आणून दिलेली.

पुढं माझी बदली अकोल्याला झाली आणि मी घरी परतले. काका-काकूंची महिन्याची वारी चालू राहिली. बहिणीकडून निघताना आता माझ्याकडेही चहा व्हायचा. काका वाकून आत यायचे, गॅलरीतल्या कुंड्यांची माती चोळायचे, अकोल्याच्या उन्हाला नावं ठेवायचे. मग त्यांचा खोकला वाढला. त्या वर्षीचा पावसाळा संपता संपता अमरावतीहून काकूंचा फोन आला. आवाज अगदी सरळ होता. "गेले व माय," एवढंच म्हणाल्या. मी अंत्यदर्शनाला पोचले नाही. पुराच्या पाण्यानं रस्ता अडला होता. त्यामुळं मला शेवटचे दिसले ते काका उन्हाळ्यातले, माझ्या दारातून निघालेले.

त्या सकाळी चहा पिऊन ते खाली उतरले. मी पोचवायला गेले. काकू मागं बसल्या, पदर आवळला, आणि काकांनी किक मारायच्या आधी एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुले सांगू काय? लग्न झालं तवापासून याच गाडीवर बसून रायली मी, पण रस्ता काही दिसे नाही मले. समोर नुसती याहीची पाठ. कुठं गाव आलं, कुठं झाड आलं, मागं गेल्यावर कळे. आता याहीच्या खांद्यावरून सारं दिसते. मूर्तिजापूर कसं दुरून येते, पायत रायते मी."

"बोलली काहून नाही एवढ्या साली?" काकांनी विचारलं.

"बोलून का करनार होते तुमी? मान कापून देनार होते?"

काका हसले. मी समोर उभी होते, त्यांच्याकडेच बघत होते. कुणी बघत असलं की जो माणूस हमखास ताठ व्हायचा, त्यानं त्या दिवशी माझ्यादेखत खांदे मुद्दाम आणखी खाली सोडले, उजवा जरा जास्तच, कारण काकू त्या बाजूनं बघायच्या. मग किक मारली. मफलर नाकापर्यंत ओढला. गाडी गल्लीच्या वळणाशी गेली तेव्हा काकूंचा हात त्यांच्या खांद्यावरून पुढं आला आणि रस्त्यात बसलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवू लागला. काकांनी मान हलवली आणि गाडी हळूच बाजूनं काढली.